मामाचे बासष्ट किलो

३ जून

प्रिय मामा,

फोनवर तू दोन वाक्यं बोलतोस, तिसऱ्याला खोकला येतो आणि मामी फोन काढून घेते. तीन आठवडे हेच चाललंय. म्हणून आज मी सरळ कागद घेतला. पत्राला दम लागत नाही. तूही लिही. वाटेल तिथे थांब, आडवा हो, मग पुढे लिही.

आधी आभार. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुझ्यापुढे तो फॉर्म आला, की फुफ्फुसातली गाठ काढल्यावर तिचा तुकडा संशोधनाला द्याल का. तेव्हा तू म्हणे विचारलंस, "तुकडाच का? सगळी न्या की. मला काय ती घरी न्यायचीय?" मामीने सांगितलं. तुमच्या हॉस्पिटलातले असे तुकडे आमच्याच प्रयोगशाळेत येतात. कुठला कुणाचा ते आम्हाला कळत नाही, कळू नये असा नियमच आहे. डबीवर नुसता आकडा असतो. पण गेल्या महिन्यात आलेल्या अकरा डब्यांतली एक तुझी असणार, म्हणून मी अकराही डब्यांशी जरा अदबीने वागते.

मी दिवसभर तिथे करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. ती एक अख्खी वस्ती असते. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, आधाराचे धागे असतात आणि शरीराने लढायला पाठवलेल्या पहारेकरी पेशीही असतात. या वस्तीत चरबी कुठून येते आणि कोण खातं, हे मी शोधते. नेहमीच्या पद्धतीने काचपट्टी केली तर ही चरबी दिसतच नाही. अल्कोहोलात ती धुऊन जाते आणि तिच्या जागी रिकामी भोकं राहतात. म्हणून आम्ही तुकडा गोठवून त्याचे पातळ काप काढतो आणि त्यांना एक लाल रंग देतो. मामा, काय दिसतं म्हणून सांगू! कॅन्सरच्या पेशींच्या पोटात लाल थेंबच थेंब. चरबी ओढून घेतात आणि तिच्यावर वाढतात. काही पहारेकरीसुद्धा तीच खाऊन सुस्त होतात आणि लढायचं सोडून बसतात. पेशीच्या अंगावर चरबी आत घेणारं एक दार असतं. ते आम्ही उंदरांमध्ये बंद केलं, तर गाठी वाढायच्या मंदावल्या. थोडक्यात काय, चरबी तोडली, की गाठ उपाशी!

चिमट्याने काप उचलताना तुझं काटेदुरुस्तीचं दुकान आठवतं. सहा वर्षांची असताना मी पितळी वजन हातात घेतलं आणि तू केवढा ओरडलास, "बोटाचं तेल लागतं, वजन बदलतं!" तेव्हा वाटलं होतं, हा माणूस वेडा आहे. आता तेच मी माझ्या विद्यार्थ्यांना ओरडून सांगते.

तुझी,
भिंगरी


१७ जून

भिंगरीबाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तीनदा कळलं म्हणून आणि एकदा कळलं नाही म्हणून. पत्राची कल्पना झकास आहे. हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागलेत, पण खोकला एकदाही आला नाही, आणि तुझ्या मामीला पेन काढून घेता येत नाही.

आता माझी बातमी. डॉक्टर म्हणतात, गाठ काढली तरी एखादी पेशी कुठे दडून बसली असेल तर तिच्यासाठी केमोचे चार डोस घ्यायचे. दर तीन आठवड्यांनी एक. पहिला पुढच्या बुधवारी. अट एकच. आत्ता माझं वजन बासष्ट आहे. ते अठ्ठावन्नच्या खाली गेलं तर डोस थांबणार, कारण मग अंगाला झेपत नाही. तुझ्या मामीने हे इतकं मनावर घेतलंय की दर रविवारी मला घरच्या काट्यावर उभं करते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहिते. काळजी करू नकोस. सुई बासष्टवरून हलायची नाही. शेवटी पस्तीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा काटा आहे.

खायला मला दिवसातून सहा वेळा मिळतं. दुधावर बोटभर साय असते. ती जाते कुठे ते विचारू नकोस, शेजारचं मांजर मात्र चांगलं बाळसं धरतंय.

तुझ्या त्या दाराबद्दल बराच विचार केला. अंथरुणात पडून दुसरं काम तरी काय? यंत्र बंद पाडायचं तर आधी त्याचा पुरवठा तोडायचा, हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा मीही माझ्या परीने तुला हातभार लावतोय. कसा ते नंतर सांगेन. उंदरांना फरक पडायला किती दिवस लागले, तेवढं कळव.

तुझा,
मामा


५ जुलै

प्रिय मामा,

उशीर झाला, माफ कर. इथे एका मोठ्या सभेत आमचं काम मांडायचं होतं, त्यात बुडून गेले होते. उंदरांना पाच आठवडे लागले. पण तू उंदरांची चौकशी कशाला करतोस? स्वतःची कर.

पहिल्या डोसनंतरही बासष्ट! मामीने फोनवर सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आमच्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, मी कौतुकाने सांगून आले की माझ्या मामाचं वजन केमोतही एक ग्रॅम हललेलं नाही. त्या म्हणाल्या, "असा पेशंट मिळायला भाग्य लागतं." ते वाक्य तुझ्याकडे पोचवते. मांजराचं वाचून खूप हसले. पण साय तूच खा हं.

हातभार वगैरे काही नको. तू बरा हो, तोच हातभार.

तुझी,
भिंगरी


६ ऑगस्ट

पोरी,

मी तुझी मामी. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा जे आहे ते सरळ लिहिते.

काल तिसरा डोस होता. झाला नाही. नेहमीची नर्स रजेवर होती आणि नवीन मुलगी कडक निघाली. "काका, कोट काढून काट्यावर उभे राहा," म्हणाली. ह्यांनी सतरा कारणं सांगितली. थंडी वाजते, बटण अडकलंय. शेवटी मीच कोट ओढून काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला, तर खुर्ची मागच्या मागे आडवी झाली. चार खिशांत दुकानातली एकेक किलोची चार पितळी वजनं. सगळे पेशंट माना वळवून बघायला लागले. मग हे मुकाट काट्यावर चढले. चोपन्न.

दुसऱ्या डोसलाही हाच कोट होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टर म्हणाले, अठ्ठावन्न झाल्याशिवाय डोस नाही. किती उशीर चालेल विचारलं तर म्हणाले, फार नको. घरी आल्यावर मी ह्यांना आमच्या काट्यावर उभं केलं. बासष्ट! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की काटाच खोटा आहे. मग दुसराही पडला. मी साठ किलोची बाई. जूनपासून हा काटा मला आधी बासष्ट, मग पासष्ट आणि आता सदुसष्ट दाखवतोय. मला वाटलं, नवरा आजारी आणि मी फुगत चाललेय, लोक काय म्हणतील. म्हणून मी कुणाला न सांगता संध्याकाळचं जेवण सोडलं होतं. जितकं कमी खाई तितका काटा वर. एका घरात दोन माणसं अर्धपोटी आणि शेजारचं मांजर धष्टपुष्ट.

ह्यांच्या शर्टाच्या खिशात तुझं पहिलं पत्र सापडलं. इतकं वाचलंय की घडीवर फाटलंय. "चरबी तोडली, की गाठ उपाशी" याच्याखाली लाल रेघ मारलीय. साय, लोणी, अंड्यातला बलक, शेंगदाणे, तेल, सगळं बंद केलं होतं. पोटाला झेपत नाही म्हणायचे. मला वाटलं केमोमुळे असेल.

तुला दोष देत नाही. तू आनंदाने लिहिलंस. पण माझं ते ऐकत नाहीत, अजूनही म्हणतात थोडे दिवस थांब, गुण येईल. तुझं ऐकतील. लगेच लिही.

मामी


८ ऑगस्ट

मामा,

मामीचं पत्र वाचून मी तासभर जिन्यात बसून होते. तुझ्यावर चिडायचं ठरवून कागद घेतला, पण आधी स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटतेय.

मी तुला अर्धी गोष्ट सांगितली आणि तीही रंगवून. आता उरलेली ऐक. आम्ही उंदरांना उपाशी ठेवलं नव्हतं. ते पोटभर खात होते. औषधाने फक्त पेशीवरचं ते दार बंद केलं होतं. माणसांना देता येईल असं औषध अजून आमच्या हातात नाही. गाठीतली चरबी तुझ्या ताटातून उचलून तिथे जात नाही. गाठ ती रक्तातून घेते, शेजारच्या पेशींकडून ओढते आणि साखरेपासून स्वतःही बनवते. तू खाणं सोडलंस तर तुझं शरीर अंगातली चरबी आणि मांस वितळवून रक्तात सोडतं. म्हणजे गाठीचं काही अडत नाही. उपाशी राहतोस तू आणि तुझे पहारेकरी.

आणि मामा, तुझी गाठ तर काढलीय! तू उपाशी ठेवत कुणाला होतास?

एका उद्गारचिन्हाच्या मोहात मी तुझे आठ किलो घालवले. मी ज्यांना शिकवते त्यांना रोज सांगते, जेवढं दिसलं तेवढंच बोला. आणि तुला मात्र, ज्याच्याकडून ही अक्कल आली त्या माणसाला, मी असं पत्र लिहिलं. मला लाज वाटते.

आता ऐक. साय तू खायचीस. बलक खायचा. लोणी लावायचं, मग आणखी थोडं लावायचं. हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या बाई असतील, त्यांना मामीला घेऊन उद्याच भेट आणि त्या सांगतील तसं कर. माझ्या पत्रांवर उपचार करू नकोस. मला पुरावा नको, मला मामा हवाय. तुझ्याशिवाय मला कुणी भिंगरी म्हणत नाही.

महिनाअखेरीला येतेय. आणि कृपा करून आजच्या आज मामीला तिचं खरं वजन सांग.

भिंगरी


१७ ऑगस्ट

भिंगरी,

माझं पितळ उघडं पडलं, आणि तेही अक्षरशः चार किलो.

कान धरून कबुली देतो. काट्याची सुई नुसती पुढे सरकवली असती तर रिकाम्या काट्यावरही आकडा दिसला असता आणि तुझ्या मामीने मला तिथेच पकडलं असतं. म्हणून आतल्या स्प्रिंगची पकड सैल केली. रिकामा असला की बरोबर शून्य आणि माणूस चढला की जास्त. मी उतरत गेलो तशी आणखी सैल करत गेलो. काम इतकं सफाईदार झालं होतं की मलाच कौतुक वाटायचं. तुझी मामीही त्याच काट्यावर चढते, हे मात्र माझ्या टाळक्यात आलं नाही. पस्तीस वर्षांत एकही खोटा काटा माझ्या दुकानातून बाहेर गेला नाही. पहिला खोटा काटा केला तो स्वतःच्या बायकोसाठी.

तिला खरं सांगितलं. आधी ती हसली, मग रडली, मग दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर स्वतःचं ठेवलं. म्हणाली, "तुम्ही एक घास, मी एक घास. तुम्ही थांबलात की मीही थांबणार." आता सांग, माणूस करणार काय?

का केलं, ते विचारशील. मरायची भीती वाटली म्हणून नाही. म्हणजे तीही वाटते, कशाला खोटं बोलू? पण या घरात सगळे माझ्यासाठी काही ना काही करत होते. तुझी मामी, डॉक्टर, नर्सा, तिकडे तू. मी नुसता पडून घेणारा. तुझं पत्र आलं आणि वाटलं, चला, एक काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. भिंगरीच्या कामात एक उंदीर आपण व्हावं. तू चुकीचं लिहिलंस असं म्हणू नकोस. माझ्यासारख्या यंत्रवाल्याला पुरवठा हा शब्द सुचला, की तो पुढचं वाचत नाही.

आता खातो, पण घास तोंडात फिरत राहतो. केमोने चव गेलीय, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. आहारवाल्या बाईंनी दर दोन तासांनी थोडं थोडं सांगितलंय. अर्धं अंडं खायला मला वीस मिनिटं लागतात. काटा नीट केलाय. पंचावन्न.

तुझ्यावर रागावलेलो नाही, हे वेगळं लिहायला हवं का? तरी लिहितो. नाही.

तुझा,
मामा


३ सप्टेंबर

प्रिय मामा, प्रिय मामी,

परत पोचले. चार दिवस तुमच्या टेबलाशी बसून मी फक्त तुम्हा दोघांना जेवताना पाहिलं, आणि इतकी चांगली सुट्टी माझी कधी गेली नव्हती. मामी, सहाव्या घासाला मामाने तोंड फिरवलं आणि तूही चमचा खाली ठेवलास. मग त्याने सातवा घेतला. मला उठून नळाशी जावं लागलं. तू दोघांना सांभाळलंस आणि मला एका शब्दाने टोचलं नाहीस. हे कसं फेडू, मला माहीत नाही. आभार हा शब्द लहान पडतो, पण तोच आहे.

आमच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोक आपल्याला फुफ्फुसाचा तुकडा देतात आणि आपण त्यांना एक सहीचा फॉर्म देतो. त्याचं काय करतो, ते एकतर सांगतच नाही किंवा तू सांगितलंस तसं सांगतो." आता फॉर्मसोबत एक माहितीपत्रक द्यायचं ठरलंय. कच्चं मी लिहिलंय. मामा, तू तपासून दे. आमच्या खात्यात एवढी पदवीधर माणसं आहेत, पण लाल रेघ मारून उपाशी राहणारा वाचक एकही नाही.

तुमची,
भिंगरी


१६ सप्टेंबर

भिंगरी,

पत्रक वाचलं. हस्ताक्षर छान आहे. "सदर संशोधनाचे निष्कर्ष आहारविषयक सल्ला म्हणून ग्राह्य धरण्यात येऊ नयेत." हे वाचलं असतं तर मी तेल पुन्हा सोडलं असतं, कारण याचा अर्थच मला लागला नाही. मी असं केलंय, बघ:

"गाठीत चरबी सापडते, म्हणून ताटातली चरबी सोडू नका. आमच्या ओळखीच्या एका माणसाने सोडली होती. त्याचं वजन आठ किलो उतरलं आणि त्याचा डोस थांबला. डॉक्टरांनी मनाई केली नसेल ते सगळं पोटभर खा. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, भाचीला विचारू नका."

शेवटचं तुझ्या बाई ठेवणार नाहीत, पण मला लिहायला मजा आली.

आता खरी बातमी. परवा हॉस्पिटलात वजन केलं. बिनकोटाचं. अठ्ठावन्न पूर्णांक तीन! तुझ्या मामीने टाळीच वाजवली. नर्सने आकडा लिहायला पेन उचललं. पण मी काट्यावर चढलो तेव्हा सुई एका जागी अडखळून मग पुढे गेली होती. असं अडखळणं मी पस्तीस वर्षं ऐकतोय. एक मिनिट थांबायला सांगितलं. पिशवीत एक पितळी वजन होतं. ते काट्यावर ठेवलं, मग मी उभा राहिलो, मग वजन हातात घेऊन उभा राहिलो, बरंच काय काय केलं. काटा सहाशे ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे मी सत्तावन्न पूर्णांक सात.

तुझी मामी माझ्याकडे बघत होती. गप्प बसलो असतो तर डोस तिथल्या तिथे मिळाला असता, आणि मला तो हवा होता गं. आधीच सहा आठवडे उशीर झाला होता. पण खरं ते तोंडातून निघून गेलं. डॉक्टर म्हणाले, "तीनशे ग्रॅमने काही बिघडत नाही, पण तुम्ही आता म्हणताय तर एक आठवडा थांबू. रक्तही थोडं सुधारेल." काटा मी तिथेच नीट करून दिला. बाहेर आल्यावर तुझी मामी म्हणाली, "एवढा खरेपणा जूनमध्ये दाखवला असता तर?" मी मान खाली घातली. पण तिने माझा हात सोडला नाही.

तुझा,
मामा


२५ सप्टेंबर

प्रिय मामा,

मामीचा फोन आला. अठ्ठावन्न पूर्णांक एक, खऱ्या काट्यावर, आणि तिसरा डोस झाला! मी प्रयोगशाळेत किंचाळले. सगळ्यांना वाटलं, काचपट्टी फुटली.

पत्रक हॉस्पिटलच्या समितीने मान्य केलं. तुझं म्हणणं जसंच्या तसं आहे, फक्त भाची काढली. एका सभासदाने आक्षेप घेतला, की "ओळखीचा एक माणूस" हे शास्त्रीय नाही. आमच्या बाई म्हणाल्या, "तेवढंच लोक वाचणार आहेत." पुढच्या आठवड्यापासून ते सगळ्यांना मिळेल.

तुझे सगळ्यात जास्त आभार त्या सहाशे ग्रॅमसाठी. त्या दिवसापासून मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य दोनदा तपासते.

तुझी,
भिंगरी


१६ ऑक्टोबर

भिंगरी,

काल चौथा डोस झाला. शेवटचा. एकोणसाठ पूर्णांक चार. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी छातीचा फोटो काढू, तोवर घरी जा आणि जगा. पुढचं पुढे. मला हे तीन महिने फार मोठे वाटतात आणि ते मला तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेत. तुझी मामी, त्या कडक नर्सबाई, आहारवाल्या बाई आणि तू. तुझं ८ ऑगस्टचं पत्र माझ्याजवळ आहे. त्यात तू मला जितकी रागावलीस तितकं माझ्यावर कुणी प्रेम केलेलं नाही, मामी सोडून. मी मनापासून आभारी आहे.

पण हे पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने. काल रक्त तपासायला द्यायच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील, शिवणकाम करणाऱ्या. बोटांवर सुईच्या खुणा. पुढच्या आठवड्यात त्यांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन आहे. अंगावरचे कपडे दोन माप मोठे झालेले. हातात फॉर्म आणि त्याखाली आपलं पत्रक. त्या ओठ हलवत वाचत होत्या. मध्येच थांबल्या, पुन्हा वरून वाचलं आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, हे वाचलंत का तुम्ही?"

मी म्हटलं, "काय लिहिलंय?"

"कुणा एकाने तेल-लोणी सोडलं म्हणे, तर त्याचा डोसच थांबला. माझ्या जावेने सांगितलं होतं, कॅन्सरला स्निग्ध काही द्यायचं नाही. महिना झाला, मी कोरडा पाव आणि पाण्यात उकडलेल्या भाज्यांवर आहे."

मला सांगावंसं वाटलं, की तो शहाणा मीच. पण भिंगरी, ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "छापलंय म्हणजे खरंच असणार. आत डॉक्टरांना विचारून या." त्या खरंच उठल्या, आत गेल्या आणि पाच मिनिटांनी परत आल्या. म्हणाल्या, "खा म्हणाले. काहीही खा म्हणाले."

तुझ्या मामीने मला दिलेला डबा मी उघडून त्यांच्यापुढे ठेवला. लोणी लावलेला पाव आणि दोन उकडलेली अंडी. त्या नको नको म्हणाल्या. मग एक अंडं उचललं, दोन तुकडे केले आणि पिवळं आधी खाल्लं, डोळे मिटून. आतून माझं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. मी उठलो नाही, त्यांचं दुसरं अंडं खाऊन व्हायचं होतं.

तुझा,
मामा